दगड चालला, मग पुन्हा का सापडला नाही?

प्रश्न असा होता: रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी एक गृहस्थ मुलीला घेऊन मुंबईतल्या कार्टर रोडच्या खडकांवर गेले. मुलगी ओरडली, "बाबा, दगड चालतोय!" अंगठ्याएवढं, चिखलाच्या रंगाचं, मऊ काहीतरी होतं. फोटोसाठी मोबाइल काढून वाकले, तर त्या जागी नुसते दगड. वीस मिनिटं शोधूनही सापडलं नाही. आता ते विचारतात की हा सी स्लग (समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय) होता का, तो रंग बदलतो का, विषारी असतो का, आणि घरच्या फिशटँकमध्ये ठेवता येईल का, कारण मुलगी हट्टाला पेटली आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही ठेवता येणार. मुलीला आजच सांगून टाका, कारण पुढे येईलच.

बाकीचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी तुमची खरी अडचण एकच आहे. समोर असलेला प्राणी तुम्हाला दिसला नाही. मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलं आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन मुंबईच्या खडकांवर जात राहिले. निवृत्त झाले तरी अजून जाते. पहिली काही वर्षं माझीही हीच गत होती. तेव्हा हे उत्तर तुमच्याइतकंच त्या वेळच्या मला आहे असं समजा.

तुम्ही नेमकं काय पाहिलंत हे फोटोशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण एका गोष्टीवरून बरंच ठरतं: तो प्राणी पाण्यात होता की पाण्याबाहेर? खडकातल्या डबक्यात, शेवाळावर किंवा स्पंजावर (खडकाला चिकटून वाढणारा सच्छिद्र प्राणी) असेल तर उत्तर एक, आणि उघड्या, ओलसर खडकावर फिरत असेल तर दुसरं. तुम्ही लिहिलंय, "दगडावरून दगडावर चालत होता". म्हणजे पाण्याबाहेर. रंग चिखलाचा, आकार अंगठ्याएवढा, अंग मऊ. माझा अंदाज आहे की तो पेरोनिया असावा. जुन्या पुस्तकांत तो ऑन्किडियम या नावाने सापडेल. पाठीवर चामखिळीसारखे उंचवटे, त्यावर गाळ आणि बारीक शेवाळ. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर हा अजिबात दुर्मीळ नाही. त्या वीस मिनिटांत तुम्ही दोन-चार तरी ओलांडले असतील.

यात एक गंमत आहे. लोक याला सरसकट सी स्लग म्हणतात, पण नात्याने हा न्युडीब्रँक नावाच्या रंगीबेरंगी, खऱ्या समुद्री स्लगांपेक्षा आपल्या कुंड्यांच्या जास्त जवळचा. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली काळी, चपटी, चामड्यासारखी शेंबडी गोगलगाय चिकटलेली असते ना? पेरोनिया तिचा समुद्राकाठचा चुलतभाऊ. हवेतून श्वास घेतो. शरीराच्या मागच्या टोकाला फुप्फुसाचं छिद्र असतं आणि शिवाय पाठीवर मागच्या बाजूला झुडपांसारखे कल्लेही असतात. म्हणून तर पाणी उतरल्यावर बाकीची मंडळी डबक्यात आणि फटींत दडतात, तेव्हा हा बाहेर पडतो. खडकावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो आणि भरती यायच्या आत आपल्या फटीत परततो. आपल्याच चिकट वाटेचा माग काढत तो फट गाठतो. आपल्याकडे "गोगलगाय अन् पोटात पाय" म्हणतात ते लबाड माणसाला उद्देशून, पण प्राणीशास्त्रात या सगळ्या गोतावळ्याचं नावच मुळी उदरपाद आहे. म्हण आधीची की नाव आधीचं, हा वाद मराठीच्या शिक्षकांनी घालावा.

आता तुमच्या हातून काय झालं ते. आई स्वयंपाक करताना मागे न वळता म्हणते ना, "मला काय पाठीला डोळे आहेत?" पेरोनियाला आहेत. डोक्यावरच्या शिंगांच्या टोकाला दोन डोळे, ते गोगलगायींच्या नेहमीच्या धाटणीचे. त्याखेरीज पाठीवरच्या काही उंचवट्यांवर छोटे छोटे डोळे असतात, आणि त्यांतला दृष्टिपटल आपल्या डोळ्यासारखा उलटा बसवलेला असतो. कार्ल सेंपर या जर्मन प्राणीशास्त्रज्ञाने १८७७ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा तर्क असा की निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, याच्या मागावर असतात, त्यांची सावली वरून पडलेली कळावी म्हणून हे डोळे. तर्क झकास आहे. मी माहीमच्या आणि शिवडीच्या चिखलात निवट्या तासन् तास पाहिल्या आहेत, एकीनेही माझ्यादेखत पेरोनिया खाल्लेला नाही. पण सावलीचा भाग खरा. सावली पडली की तो आकसतो, शिंगं आत ओढतो, कडा खडकाला दाबून धरतो. चालणारं जनावर क्षणात खडकाचा फुगवटा होतं.

तुम्ही मोबाइल घेऊन वाकलात. वेळ सकाळची, सूर्य इमारतींच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पाठीशी. सावली बरोबर त्याच्या अंगावर. त्याने रंग बदलला नाही, रंग होता तोच राहिला. त्याने चालणं थांबवलं, आणि तुमचे डोळे रंगाला नव्हे, हालचालीला पकडून होते. मुलीलाही तो चालला म्हणूनच दिसला.

समजा माझा अंदाज चुकला आणि तो डबक्यातच होता, तर मग गोष्ट खऱ्या समुद्री स्लगांची, आणि लपण्याची कला तिथे वेगळ्याच वाटेने जाते. मला या विषयाचं वेड लागलं ते याच भागामुळे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

या प्राण्यांना अळीच्या अवस्थेत शंख असतो, मोठेपणी बहुतेकांचा नाहीसा होतो. शंख गेला म्हणजे चिलखत गेलं. हळू चालणारं, मऊ मांसाचं जनावर, दात-नांग्यांनी भरलेल्या जगात उघडं. त्यावर स्लगांनी काढलेले मार्ग ढोबळमानाने दोन. एक, अंगात विष किंवा कडू चव साठवायची आणि भडक रंगांनी जाहिरात करायची. या पंथातल्या एका देखण्या न्युडीब्रँकाच्या शास्त्रीय नावात तर आपली मुंबईच आहे: गोनिओब्रँकस बॉम्बेयानस, विंकवर्थ या अभ्यासकाने १९४६ मध्ये नोंदवलेला. दुसरा मार्ग, दिसायचंच नाही. आणि हा दुसरा मार्ग पत्करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण जे खातात त्याच्यासारखेच दिसतात. अनेकदा तर जे खातात त्याच्यातूनच रंग घेतात.

सर्वांत सरळ उदाहरण रोस्टांगा. लाल स्पंजावर राहणारा लाल स्लग. स्पंजातलं लाल रंगद्रव्य पोटातून अंगात येतं, आणि त्याने घातलेली अंड्यांची फीतसुद्धा लालच. पोराबाळांसकट सगळं कुटुंब भिंतीच्या रंगाचं.

दुसरं उदाहरण प्रवाळांच्या प्रदेशातलं, मुंबईचं नव्हे. फेस्टिला नावाचा न्युडीब्रँक पोरायटीस या दगडी प्रवाळाचं मांस खातो. त्याच्या पाठीवरची बोटांसारखी उपांगं रंगाने आणि आकाराने थेट त्या प्रवाळाच्या तोंडांसारखी दिसतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीत विकतचं प्रवाळ ठेवलं होतं. ते पांढरं पडायला लागलं तेव्हा त्यांनी पाणी बदललं, दिवे बदलले, क्षार मोजले. महिन्याभराने रात्री टॉर्च मारल्यावर प्रवाळाच्या खालच्या कडेला आठ-दहा जण ओळीने जेवताना दिसले. विकत घेतानाच बरोबर आले होते. टाकीत महिनाभर, काचेपलीकडे, आणि मालक रोज समोर बसून पाहत होता.

हवाईतल्या संशोधकांनी याच फेस्टिलाच्या अळ्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांना आढळलं की पाण्यात तरंगणारी अळी पोरायटीसमधून पाण्यात झिरपणाऱ्या एका रसायनाचा सुगावा लागल्याशिवाय कायापालटच करत नाही. म्हणजे आपला अन्नदाता इथे आहे हे कळल्यावरच ती शंख टाकून स्लग होते. आधी ताट, मग जन्म. पुढचं सगळं आयुष्य त्या ताटाच्या आसपास.

तिसरी तऱ्हा हिरव्यांची. एलिसिया आणि तिची भावंडं शेवाळ चावून खात नाहीत. त्यांच्या जिभेवर दातांची एकच रांग असते. एका दाताने शेवाळाची पेशी भोसकायची आणि आतला रस ओढून घ्यायचा. रसाबरोबर हरितलवकं येतात, आणि काही जातींमध्ये ती पचून न जाता स्लगच्या शरीरात जिवंत राहतात, प्रकाशसंश्लेषणही करत राहतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका अशी उधारीची हरितलवकं कित्येक महिने बाळगते. पसरली की थेट पानच. "उन्हावर जगणारं जनावर" म्हणून तिचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिथे थोडं सबुरीने घ्यावं. २०१४ मध्ये तिच्या काही नातलगांना महिनोन् महिने अंधारात ठेवून पाहिलं गेलं, तर तीही तगली. तेव्हा काही जातींत तरी ऊन हेच जेवण आहे असं म्हणवत नाही, हरितलवकं हा साठवणीचा डबाही असू शकतो. लपायला मात्र हिरवा रंग दोन्हीकडे सारखाच कामाचा.

माझी फजिती सांगते म्हणजे मुद्दा पक्का होईल. एका जानेवारीत मुलांना स्पंजांच्या नोंदी करायला नेलं होतं. खडकाच्या पोटाला, सावलीत, राखाडी-पिवळट स्पंजाचा तळहाताएवढा थर होता. मी स्वतः तीन फोटो काढले, मुलांना स्पंजाची छिद्रं दाखवली, दहा मिनिटं त्याच्यासमोर उकिडवी बसून बोलले. घरी फोटो संगणकावर मोठा केला, तर स्पंजाला दोन शिंगं होती. नीट पाहिल्यावर मागच्या बाजूला कल्ल्यांचा छोटा गुच्छही. ज्याला मी स्पंजाचा जाड भाग म्हणून दाखवत होते तो स्पंज खायला बसलेला डोरिड, म्हणजे न्युडीब्रँकांतलाच एक प्रकार, होता. दुसऱ्या दिवशी वर्गात तो फोटो लावला आणि काही न बोलता उभी राहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तीन मिनिटांत ओळखला. पुढच्या बाकावरच्या कोणालाही दिसला नाही.

त्या दिवसापासून मी स्लग शोधणं सोडलं. मी त्याचं जेवण शोधते. कालवं काढणाऱ्या एका कोळीण मावशींनी मला हेच फार आधी सांगितलं होतं, पण तेव्हा मी पुस्तकांच्या नशेत होते. कालवं हवीत तर कालवांकडे बघू नका, भरतीचं पाणी कुठे आपटतं ते बघा, असं त्यांचं म्हणणं. स्लगांनाही तेच लागू. स्पंजाचा थर दिसला की थांबायचं. त्यावर खाल्ल्याची फिकट वाट दिसते का? कडेला चकलीसारखी वळलेली अंड्यांची फीत आहे का? अंडी लपवायला स्लग फारशी मेहनत घेत नाहीत, त्यामुळे प्राण्याआधी अंडी दिसतात. फीत ताजी असेल तर आई, किंवा बाप म्हणा, हातभर अंतरात असण्याची शक्यता दांडगी. (सगळेच उभयलिंगी. दोघे भेटले की दोघेही अंडी घालायला मोकळे.) मग शिंगांची जोडी शोधायची. निसर्गात स्पंज आणि शेवाळ वेडेवाकडे वाढतात. एकसारख्या दोन टोकांची जोडी दिसली तर ती बहुधा कोणाच्या तरी डोक्यावर असते.

समुद्री ससा, म्हणजे बर्साटेला, यातला सोपा पेपर. हिरवट-तपकिरी, अंगभर झालरी, जणू शेवाळाने भरलेली चिंधी. जवळून पाहिलं तर निळे ठिपके. बऱ्याचदा घोळक्याने असतो, त्यामुळे एक दिसला की डोळा बसतो आणि मग दहा दिसतात. त्याची अंडी शेवयांच्या गुंत्यासारखी. मुलीला सुरुवात इथून करून द्या.

आता फिशटँक. नवी नवी नोकरी होती तेव्हा मीही हा उद्योग केलाय. कॉलेजच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक डोरिड आणि एक बर्साटेला आणून सोडला. बर्साटेला दचकला की जांभळा रंग सोडतो. तिसऱ्या दिवशी शिपायाने टाकी पुसताना काचेवर बोटं वाजवली आणि अख्ख्या टाकीचा द्राक्षरस झाला. विभागप्रमुख काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोरिडचं जास्त वाईट वाटलं. मी त्याला शेवाळ दिलं, कोळंबीचे तुकडे दिले, माशांचं खाद्य दिलं. त्याने कशालाही तोंड लावलं नाही, कारण त्याला एका विशिष्ट स्पंजाखेरीज काही चालत नव्हतं आणि तो स्पंज कोणता हेच मला माहीत नव्हतं. स्लग उपाशी राहिला की मरायच्या आधी लहान होत जातो. दोन आठवड्यांत निम्मा झाला, मग गेला. त्याचं ताट आणायचं म्हणून खडकावरून स्पंज खरवडायचा विचारही करू नका. मुंबईच्या खडकांवर दगडी प्रवाळंही आहेत, आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. स्पंज म्हणून काय ओरबाडताय ते नवख्याला कळत नाही. पेरोनियाचं तर आणखीच अवघड. त्याला दिवसातून दोनदा पाणी उतरायला हवं. तुमच्या हॉलमध्ये भरती-ओहोटी कुठून आणाल?

विषारी का? हात लावल्याने पेरोनिया तुम्हाला काही करणार नाही. या कुळातल्या काही जाती कातडीतल्या ग्रंथींमधून झोंबणारा द्रव सोडतात, पण तो खेकड्या-माशांसाठी. मी तरी हात लावत नाही आणि मुलीलाही लावू देऊ नका. त्याचं कारण स्लगपेक्षा त्याचे शेजारी. खडकांवर जे मऊ, बटणांसारखे दाटीने वाढलेले झोअँथिड नावाचे प्राणी दिसतात, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते हाताला लागलं आणि हात डोळ्याला लागला तर दवाखाना. तुमच्या बाजूला कुत्री फिरवणारे बरेच, म्हणून हेही सांगते: ऑकलंडच्या किनाऱ्यावर २००९ साली काही कुत्री मेली, तेव्हा शोध घेता घेता तिथल्या एका राखाडी स्लगमध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष सापडलं. ती घटना न्यूझीलंडची आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण कुत्र्याला किनाऱ्यावरचं काहीही चाटू देऊ नये, एवढं त्यावरून नक्की ठरतं.

राहता राहिली वेळ. ओहोटी म्हणजे कुठलीही ओहोटी नव्हे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते नीट उतरतच नाही. उधाण हवं, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईत घड्याळाप्रमाणे ते थोडं पुढे, बारा-साडेबाराच्या सुमारास जातं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. बरोबर मिनिटं हवीत तर भरती-ओहोटीचा तक्ता बघा, आणि ओहोटीची पातळी अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा खाली असेल तोच दिवस निवडा. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोहोचायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं, फोटो राहिला तरी. पावसाळ्यात जाऊ नका. लाटा आहेतच, शिवाय गोड्या पाण्याने आणि गाळाने या मंडळींचे हाल झालेले असतात. माझा अनुभव नोव्हेंबर ते मार्चचा चांगला आहे. पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेली जुनी सँडल हवी. दगड उलटलात तर जसा होता तसा, त्याच कुशीवर, परत ठेवा.

फोटो काढाल तेव्हा नुसत्या प्राण्याचा नको. आधी दोन हात लांबून आजूबाजूच्या सगळ्याचा घ्या, मग जवळून. तो कशावर बसला होता हे दिसलं तर ओळखणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातली मंडळी किनाऱ्यांवर अशाच नोंदी करत आली आहेत आणि लोकांना घेऊन खडकांवर फेऱ्याही काढतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलात तर माझं हे लांबण तिथे दोन मिनिटांत डोळ्यांनी कळेल.

आणि एकटेच जाणार असाल तर सकाळची ओहोटी सोडून संध्याकाळची धरा. कार्टर रोडला तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, पाण्याकडे तोंड करून चाललात की सावली मागे पडते. मुलीला पुढे चालू द्या. तिची नजर खडकापासून तुमच्यापेक्षा दोन फूट जवळ आहे. ती ओरडली की जागच्या जागी थांबा, वाकू नका, आणि मोबाइल तिच्याकडे द्या.